मास्तरांचं डोकं

काकूंना डोक्यांची फार पारख. डोकं म्हणजे आतलं नव्हे. त्या बाबतीत त्यांना कोणाकडूनच फारशी आशा नव्हती. बाहेरचं, ज्याच्यावर केस उगवतात ते. लग्नानंतर वर्षभरातच त्यांनी केस कापायचं दुकान थाटलं आणि तेव्हापासून निम्म्या वस्तीची डोकी त्यांच्या हाताखालून गेली. कोणाचं मागून चपटं, कोणाचं कानामागे फुगलेलं, कोणाला दोन भोवरे, कोणाच्या मानेवर कितीही कापला तरी उभाच राहणारा हट्टी झुपका. केस धुताना त्या खिडकीबाहेर बघत असत आणि तरी हाताखाली बँकेतल्या बाई आहेत की औषधवाला आहे हे त्यांना बरोबर कळे.

एकुलती एक मुलगी शिकायला परगावी गेली आणि घर एकदम रिकामं झालं. त्याच सुमाराला एका गिऱ्हाईकबाईंनी केस धुता धुता, कपाळावर फेस असताना, सांगितलं की विद्यापीठाच्या ललितकला विभागात मोठ्या वयाच्या लोकांनाही घेतात. काकूंनी त्या बाईंच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ पाणी ओतलं. लहानपणापासून त्या कणकेचे, मेणाचे, साबणाच्या वड्यांचे माणूसमुखी गोळे करायच्या आणि ओरडा खायच्या. आता ओरडणारं कोणी उरलं नव्हतं.

प्रवेशपरीक्षेत प्रत्येकापुढे मातीचा एक गोळा ठेवला आणि सांगितलं, माणसाचं डोकं करा. बाकीची पोरं नाक-डोळ्यांवर तुटून पडली. काकूंनी मागून सुरुवात केली. मान, मानेवरचा खड्डा, कानामागची हाडं, भोवरा. वेळ संपली तेव्हा मागून बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस आता वळून पाणी मागणार. आणि पुढे जाऊन बघावं तर बटाटा. शिल्पकलेचे सर त्या डोक्याभोवती फिरले. सरांच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, त्यामुळे काकूंच्या दुकानाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता.

"आणि चेहरा?" त्यांनी विचारलं.

"तो नंतर. आधी मागून घ्यायची सवय आहे," काकू म्हणाल्या.

सर हसले. हसले म्हणजे प्रवेश मिळाला असं समजायचं, हे काकूंना यादी लागल्यावर कळलं.

वर्गात त्या सगळ्यांच्या काकू झाल्या, म्हणून आपणही त्यांना पहिल्यापासून काकूच म्हणतोय. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. जलरंगांशी त्यांचं कधी जमलं नाही. रंग त्यांनी सांगितलेल्या जागी थांबत नसे, आणि न ऐकणाऱ्या गोष्टींचा काकूंना मनस्वी राग. शेजारच्या बाकावर कुरळ्या केसांची एक मुलगी बसायची. तिच्या जंगलातून काकूंनी पहिल्याच आठवड्यात वाट काढून दिली, त्या बदल्यात ती काकूंना रंग कसा आवरायचा ते शिकवायची. केस आवरले, रंग काही आवरला नाही.

पण काकूंचा जीव होता खालच्या मजल्यावर. शिल्पकलेचा वर्ग तळमजल्याला, कारण दगड आणि मातीची पोती वर चढवणार कोण. पहिलं वर्ष सगळ्यांना सगळं शिकवायचे आणि वर्षाच्या शेवटी वाटे पडायचे: कोणी चित्रकलेत, कोणी कापडावरच्या छपाईत, आणि अगदी मोजकी मंडळी खाली. खाली जायचं असेल त्याने आपल्या घरातल्या माणसाचं डोकं करायचं, खऱ्याएवढं. सर ते बघणार आणि हो किंवा नाही म्हणणार. दुसरी संधी नाही.

"नाही घेतलं तर नाही," काकू सगळ्यांना सांगायच्या. "माझं दुकान आहे की."

हे त्या इतक्या सहज सांगायच्या की ऐकणाऱ्याला पटायचं. ही शुद्ध थाप होती. तळमजल्याच्या दारावरून जाताना त्या ओल्या मातीच्या वासासाठी पावलं हळू टाकायच्या, आणि कोणी बघितलं तर चपलेत खडा गेल्याचं सोंग करायच्या.

घरातलं माणूस म्हणजे घरात उरलेलं एकमेव माणूस, काकूंचे यजमान. ते गाडी शिकवायचे. आख्ख्या वस्तीत त्यांना मास्तर म्हणत, आणि वस्तीतल्या ज्यांना बरी गाडी चालवता येई ते स्वतःला मास्तरांचे विद्यार्थी म्हणवत. ज्यांना येत नसे त्यांची नावं मास्तर घेत नसत. एकदा एका बाईंनी रस्त्यात मांजर बघून जो ब्रेक दाबला, त्या वेळी मास्तर पट्टा सोडून खाली पडलेला चष्मा शोधत होते. तेव्हापासून त्यांचं नाक डावीकडे वळलेलं आहे. मांजराला काही झालं नाही.

मास्तरांना एका जागी बसवणं महाकठीण. जेवतानासुद्धा त्यांचा उजवा पाय टेबलाखाली ब्रेक दाबत असे. ते स्थिर बसायचे फक्त एका ठिकाणी, बायकोच्या दुकानातल्या खुर्चीत. खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, समोर आरसा आला की मास्तर मऊ व्हायचे. म्हणून दुकान बंद असायचं त्या वारी काकूंनी त्यांना तिथेच बसवलं, शेजारी मातीचं स्टँड ओढलं आणि त्या नेहमीच्या जागी, म्हणजे त्यांच्या मागे, उभ्या राहिल्या.

खरं तर त्या दोघांचा सगळा संसार त्या आरशात झाला होता. घरी कुठले नवराबायको समोरासमोर बसून बोलतात? एक टीव्हीकडे बघतो, एक गॅसकडे. पण महिन्यातून एकदा मास्तरांचे केस कापताना दोघं आरशातून एकमेकांकडे बघत आणि मग हवं ते बोलता येई. मास्तरांची पहिली नोकरी गेली ते त्यांनी इथेच सांगितलं, मानेवर वस्तरा असताना. मुलीला परगावी पाठवायचं का, यावर दोघं इथेच भांडले आणि इथेच मिटलं.

तर काकू आरशात बघत होत्या आणि मातीला हात लावत होत्या. केसांवर मारायच्या फवाऱ्याने मातीवर पाणी मारायच्या, संध्याकाळी ओलं फडकं आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधायच्या. हळूहळू मास्तर मातीत उतरले. भुवया जरा उचललेल्या, गाल किंचित आत ओढलेले, हनुवटी पुढे, रुबाबदार. मास्तरांनी खुर्चीतून उतरून ते डोकं बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अगं, हा तर हुबेहूब मी!"

"खरंच?"

"म्हणजे काय! रोज दाढी करताना बघतो ना मी याला."

काकूंनी फोटो काढून मुलीला पाठवला. पाचव्या मिनिटाला तिचा फोन आला.

"आई, बाबा बरे आहेत ना? झटका वगैरे आला नाही ना त्यांना?"

"काय भलतंच!"

"मग तोंड असं का झालंय त्यांचं?"

"माती आहे ती. हल्ली तुला बाप आठवायचा नाही, एवढंच," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला. पण मनात खुट्ट झालं.

कॉलेजात कुरळीने मातीचं डोकं वळवून वळवून बघितलं आणि ब्रशचं मागचं टोक चावत बसली. सर आले. आधी मागून बघितलं, मान डोलावली. मग पुढे आले आणि त्यांची मान थांबली. खिशातून मापं घ्यायचा लोखंडी चिमटा काढून त्यांनी कान ते नाक, नाक ते कान मोजलं.

"मापं ठीक आहेत," ते म्हणाले. "पण मागून हा एक माणूस आहे आणि पुढून त्याचा चुलतभाऊ. का, ते मला सांगता येत नाही. शोधा. पुढच्या सोमवारी मी सगळी डोकी बघणार आहे. आणि काकू, पाणी एवढं मारू नका. ते केस नाहीत."

काकूंनी तीन रात्री नीट झोप घेतली नाही. दिवसा भुवई उचलली, खाली केली, कान पातळ केला, परत जाड केला. जितकं करावं तितका चुलतभाऊ जास्त चुलत होत गेला. दुकानात एका गिऱ्हाइकाची झुलपं त्यांनी इतकी तिरकी कापली की तीच फॅशन आहे असं सांगावं लागलं.

गाठ सुटली ती डब्यामुळे. काकू डबा घरी विसरल्या आणि मास्तर तो द्यायला कॉलेजात आले. विभागात त्यांचं हे पहिलंच पाऊल. कपडे काढून बसलेला मॉडेल वगैरे असेल या धास्तीने ते नजर जमिनीवर ठेवूनच वर्गात शिरले आणि नेमके स्वतःच्या डोक्याशेजारी येऊन उभे राहिले. वर्गातली सगळी मंडळी एकदा मातीच्या मास्तरांकडे बघायला लागली, एकदा खऱ्या.

"काका, हलू नका!" कुरळी ओरडली.

मास्तर सवयीने ब्रेक दाबून थांबले. सर लगबगीने आले. त्यांनी खऱ्या नाकाकडे बघितलं. मातीच्या नाकाकडे बघितलं. खरं नाक खिडकीकडे वळलं होतं आणि मातीचं दाराकडे.

"काकू," सर हळूच म्हणाले, "यांना बसवलं कुठे होतंत?"

"दुकानात. खुर्चीत."

"आणि तुम्ही?"

"मी मागे. मी नेहमी मागेच..." काकू थांबल्या. त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! आरसा!"

मग जो हशा पिकला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला असणार. मागचं डोकं काकूंच्या हातांनी केलं होतं, हातांना माहीत होतं तसं, सरळ. आणि चेहरा केला होता डोळ्यांनी, आरशातून, उलटा. भांग भोवऱ्यापासून एका बाजूला निघायचा आणि कपाळाशी येईपर्यंत बाजू बदलायचा. एका माणसाच्या डोक्यावर त्याचं प्रतिबिंब चढवलं होतं. केस कापणाऱ्या बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाला जमली नसती.

"पण मी असाच दिसतो!" मास्तर कळवळून म्हणत होते. "आरशासमोर नेऊन विचारा कोणालाही!"

सर हसता हसता गंभीर झाले. "नुसतं नाक वळवून भागणार नाही, काकू. सगळा चेहरा नव्याने करावा लागेल. वेळ आहे का?"

"बघते," काकू म्हणाल्या, आणि नेहमीचं वाक्य जोडलं, "नाही जमलं तर दुकान आहेच."

पण या वेळी ते वाक्य नेहमीसारखं सहज आलं नाही. मास्तरांनी ते ऐकलं.

दुकान बंद असायच्या वारी सकाळीच दोघं ते डोकं घेऊन दुकानात आले. माती तीच वापरायची होती, म्हणजे आधी जुना चेहरा काढायला हवा. काकूंच्या हातात माती कापायची तार होती, पण हात पुढे जाईना. मास्तरांना ते डोकं फार आवडलं होतं. घरी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी फडकं उचलून ते दाखवलं होतं.

"आण इकडे," मास्तर म्हणाले. "नाक माझं आहे, मीच काढतो." आणि डोळे मिटून त्यांनी स्वतःचं नाक उपटलं.

गाल, भुवया, हनुवटी, सगळी ऐट बादलीत जमा झाली. मागचं डोकं तेवढं राहिलं, प्रवेशपरीक्षेतल्यासारखं. काकूंनी आरशावर गिऱ्हाइकांच्या गळ्यात बांधायची दोन कापडं टांगली, मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची गर्रकन फिरवली. एवढ्या वर्षांत ती खुर्ची फिरते याचा उपयोग त्यांनी गिऱ्हाइकाला मागचे केस दाखवण्यापुरता केला होता. आता मास्तर त्यांच्यासमोर होते, हातभर अंतरावर, मध्ये काच नाही.

दोघंही लाजले. खरं सांगते, पार लाजले. लग्न जमवायला घरच्यांनी एका खोलीत बसवलं होतं तेव्हासुद्धा इतके लाजले नसतील. मास्तरांना बघायला जागा राहिली नाही. त्यांनी छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, पाय ब्रेकवर गेला.

"तुझा तीळ या बाजूला होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"जन्मापासून."

"मला वाटायचं त्या बाजूला."

"हलू नका."

काकू मातीच्या थापा चढवत गेल्या. चेहरा होईना. आरसा नव्हता म्हणून मास्तरांना आपलं तोंड कसं ठेवावं ते कळत नव्हतं. एकदा भुवई चढे, एकदा ओठ घट्ट होत. काकूंना वाटलं, संपलं आता. आणि हात चालू असतानाच, मास्तरांकडे न बघता, त्या बोलायला लागल्या.

"मी सगळ्यांना सांगते ना, की नाही घेतलं तर काही बिघडत नाही. बिघडतं. खूप बिघडतं. दुकान काही वाईट नाही हो, दुकानाने आपलं घर चाललं. पण मी एवढी डोकी धुतली, कापली, आणि प्रत्येक डोकं दारातून निघून गेलं. महिन्याने परत येतं तेव्हा माझ्या कामाचं काही राहिलेलं नसतं त्याच्यावर, सगळं वाढलेलं असतं. मला एक डोकं असं करायचंय की ते राहील. तिथे खाली माती ओली ठेवायची टाकी आहे. त्या टाकीपाशी उभं राहिलं की मला काय होतं ते मला कोणाला सांगता येत नाही. लोक म्हणतील, या वयात हिला काय वेड लागलंय. तुम्हालाही वाटत असेल. वाटत असेल तर वाटू दे."

मास्तर एरवी बोलणं मध्येच तोडायचे, शिकवायची सवय. गिअर, क्लच, आरसा बघा. या वेळी ते काहीच बोलले नाहीत. काकूंनी वर बघितलं. मास्तर त्यांच्याकडे बघत होते. भुवया जागच्या जागी सैल पडल्या होत्या, एक पापणी दुसरीपेक्षा जरा खाली, ओठ थोडेसे उघडे, मान काकूंच्या बाजूला कलती. पाय शांत होता. हा चेहरा काकूंनी आरशात कधी बघितला नव्हता, कारण आरशात बघणारा प्रत्येक माणूस आधी स्वतःलाच बघतो.

"असेच बसा," काकू म्हणाल्या.

"तू बोलत राहा," मास्तर म्हणाले.

मग काकू बोलत राहिल्या. लहानपणच्या साबणाच्या वड्या, चपलेतला नसलेला खडा, सगळं. जेवायच्या वेळेपर्यंत बोलल्या, जेवून आल्यावरही बोलल्या. मास्तरांनी तो चेहरा दिवसभर ठेवला, म्हणजे ठेवला नाही, तो आपोआप राहिला.

सोमवारी खालच्या मजल्यावर सगळी डोकी ओळीने मांडली होती. आज्या, भाऊ, एका पोराने केलेला कुत्रा, कारण घरात स्थिर बसणारं तेवढंच होतं. सर एकेकापाशी थांबत पुढे आले. काकूंचं डोकं सगळ्यांत सफाईदार नव्हतं. गालावर बोटांचे ठसे तसेच राहिले होते, एक कान घाईत झाला होता. सर सवयीने मागून आले, मग पुढे आले, आणि तिथेच उभे राहिले. चिमटा खिशातच राहिला.

"या वेळी पुढूनही तोच," सर म्हणाले. मग काकूंकडे वळले. "पुढच्या वर्षी जिने चढायचे नाहीत. इथे यायचं."

काकूंनी खडा गेल्यासारखं खाली वाकून चप्पल चाचपली. डोळे पुसायला तेवढा वेळ पुरला. कुरळीने मात्र बघितलं आणि त्यांच्या गळ्यात पडली.

मास्तर शिकवणी संपवून धापा टाकत आले तेव्हा वर्ग निम्मा रिकामा झाला होता. बातमी त्यांना दारातच कळली होती, त्यामुळे ते ऐटीत आत शिरले आणि ओळीतून आपलं डोकं शोधत गेले. कुत्र्यापर्यंत गेले. परत आले. काकूंच्या स्टँडसमोर थांबले.

"हा कोण?"

"काका!" कुरळी किंचाळली. "तुम्हीच की!"

मास्तरांनी नाकाला हात लावला, मग मातीच्या नाकाकडे बघितलं. नाक पटलं. बाकीचं पटेना. ते बराच वेळ त्या सैल भुवया आणि उघडे ओठ बघत राहिले.

"असा दिसतो मी? कधी?"

काकूंनी फवारा उचलला, सर नको नको म्हणत असतानाही मातीवर थोडं पाणी मारलं आणि ओलं फडकं हळूच त्या डोक्यावर घातलं.

"मी बोलत असते तेव्हा," त्या म्हणाल्या.